दाराच्या कडेचा रंग

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दाताचा रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणी समोर येऊन हसलं की काका आधी दात बघतात आणि मग माणूस, असं त्यांची बायको म्हणायची.

घरी आले की हाच डोळा छोट्या मोटारींवर. जुन्या काळच्या मोटारींच्या वीतभर प्रतिकृती ते स्वतः जोडत, स्वतः रंगवत. त्या वर्षी त्यांनी मागच्या गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची गाडी करायला घेतली. बाईंच्या वडिलांची, गोल दिव्यांची, निळसर हिरवी. पण रंग काही केल्या जमेना. ओला असताना बरा वाटायचा, वाळला की निळ्याकडे झुकायचा. खिडकीशी एक दिसायचा, ट्यूबलाइटखाली भलताच. जेवणाच्या टेबलावर रंगाचे ठिपके दिलेले पुठ्ठ्याचे तुकडे पसरलेले असत.

"फासा एकदाचा कुठलाही हिरवा आणि ताटं ठेवायला जागा करा," बायको म्हणाली.

"कुठलाही कसा फासू? उद्या कुणाच्याही तोंडात कुठलाही दात बसवू का?"

शेवटी गाडी प्रत्यक्ष बघायला ते बाईंच्या गॅरेजमध्ये गेले. बाहेरचा रंग उन्हाने विटला होता. मात्र दार उघडल्यावर आतल्या कडेला, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, मूळचा रंग जसाच्या तसा होता. गाडी धुणारा बाईंचा ड्रायव्हर बादली भरायला नळावर गेला, आणि काकांचे हात शिवशिवले. नखाएवढी खपली काढू, कोणाला कळतंय! त्यांनी खिशातली कवळ्या कोरायची कोरणी लावली. पण जुना रंग ठिसूळ झालेला. चांगला बोटभर पोपडा निघाला आणि खालचा पत्रा उघडा पडला. पोपडा रुमालात बांधून, दार हळूच लावून ते घरी आले.

खपली समोर ठेवल्यावर रंग जुळला. लहान गाडीवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून त्यांनी त्यात पांढऱ्याचा एक थेंब घातला. गाडी अशी उतरली की बघत राहावं.

थोड्याच दिवसांनी तो ड्रायव्हर दवाखान्यात आला. कवळी हिरडीला बोचत होती. काकांनी ती काढून घेतली आणि घासायला बसले. तो बोळक्या तोंडाने बोलू लागला.

"काका, माझं काम गेलं. दाराच्या कडेचा रंग उडालाय. बाई म्हणतात, तूच दार कुठेतरी आपटलंस. मी नाही म्हणालो, तर म्हणाल्या, वर खोटं बोलतोस! ती गाडी मी लेकरासारखी जपली हो."

"अरेरे," काका म्हणाले. कवळी घासून त्यांनी त्याच्या हातात दिली. तो आभार मानून गेला.

त्या दिवशी काका अर्ध्या ताटावरून उठले. बायकोने खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"आणि त्या बिचाऱ्यासमोर तुम्ही गप्प बसलात?" ती म्हणाली. "जा आधी बाईंकडे. चपला घाला."

बाईंनी सगळं ऐकलं आणि चक्क हसल्या. "अहो, मागितली असतीत तर मीच काढू दिली असती! छंदी माणसं तुम्ही. बसा, चहा ठेवते."

तो चहा काकांना विषासारखा लागला. "बाई, ज्यासाठी मला चहा देताय, त्याचसाठी त्याला घालवलंत."

बाईंचा चेहरा उतरला. "मी त्याला खोटारडा म्हटलं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्यापासून ये म्हणावं. मी माफी मागते."

निरोप घेऊन काका स्वतः ड्रायव्हरच्या घरी गेले. दारातच हात जोडून खरं काय ते सांगितलं.

"त्या दिवशी माझ्या तोंडात एकही दात नव्हता, तरी मी बोलत होतो," तो म्हणाला. "तुमच्या तोंडात तर सगळे होते."

"चुकलो. पण बाई परत बोलावतायत."

"नको. आता त्या गाडीला कुठे ओरखडा दिसला तरी माझ्या छातीत धस्स होईल. मी शाळेच्या गाडीवर लागलोय. तिथे पोरंच सगळे ओरखडे काढतात, कोणी विचारत नाही."

काकांनी बाईंच्या दाराची कड भरून दिली. रंग इतका बेमालूम बसला की बाईंनी चष्मा लावूनही जागा सापडेना. त्यांनी कौतुक केलं, तसे काका आणखीच खजील झाले.

पुढेही ड्रायव्हर कवळीच्या कामाला दवाखान्यात यायचा, पण काम द्यायचा दुसऱ्या कारागिराकडे. काका दिसले की मान हलवायचा. काकाही हलवायचे. हातातलं काम तेवढा वेळ थांबायचं, आणि तो जिना उतरून गेला की पुन्हा सुरू व्हायचं.