उज्ज्वलाताईंची हजेरी

रोज सकाळी चहाच्या आधी उज्ज्वलाताई कऱ्हाडे स्वतःचं पूर्ण नाव दहा वेळा टाइप करायच्या. दहा ओळी, एकीखाली एक. चष्मा नाकावर सरकवून सगळ्या वाचायच्या, पुसून टाकायच्या आणि मग चहा ठेवायच्या. याला त्या 'हजेरी' म्हणत. "शाळेत मास्तर घ्यायचे. आता मास्तर राहिले नाहीत, तर आपली आपणच घ्यायची. उज्ज्वला कऱ्हाडे? हजर! चला, आलं किसा."

एका शनिवारी दिवाळी अंकाची प्रुफं घेऊन त्यांच्याकडे लवकर गेलो होतो, तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. बोटं मोकळी करत असतील, असं वाटलं. मग त्यांनीच कारण सांगितलं. त्यांची थोरली बहीण, आक्का, साताऱ्याच्या बँकेत फॉर्म भरताना स्वतःचं आडनाव चुकली होती. काउंटरवरचा माणूस हसला, तीही हसली. त्यानंतर चार वर्षांत तिला उज्ज्वला कोण तेही आठवेना. हे कारण मला माहीत होतं, हे आधीच लिहून ठेवतो. पुढे कुणी मला सवलत देऊ नये.

मी शॉमबर्गच्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. ताई आल्या तेव्हा अकरा वर्षं ते काम करत होतो. ऑफिसात माझ्यासारखे चाळीस जण बसतात, आणि घरी मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर इंग्रजीत येतं. माझं नाव ठळक टाइपात छापून येई अशी अंक ही एकच जागा होती.

पहिली भेट गणपतीत झाली. शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलच्या दारात मी नावाच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. समोर एक ठेंगणी, पांढऱ्या बॉबकटची बाई. मी लिहिलं, 'उज्वला कर्हाडे'. त्यांनी शांतपणे माझ्या हातातलं पेन घेतलं.

"दोन चुका, संपादक. एक ज खाल्लात आणि एक र डोक्यावर बसवलात. तो डोक्यावर बसणारा र वेगळा, हा पोटातून येणारा वेगळा." मग आवाज जरा चढवून म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा अंक वाचला मी. 'स्वादिष्ट भोजनाबद्दल आचार्यांना शतशः धन्यवाद.' जेवण आचार्यांनी रांधलं होतं का हो? मग आचारी काय प्रवचनाला बसले होते?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. तो हशा अजून माझ्या कानात आहे.

साताऱ्यात त्यांचे मराठी टंकलेखनाचे वर्ग होते. यजमान गेल्यावर त्या इकडे परदेशी मुलाकडे, नीरजकडे, आल्या. नीरजने हौसेने सुट्या भागांचा एक कीबोर्ड मागवून अर्धवट टाकला होता. तो तळघरात ताईंना सापडला आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांनी तो स्वतःच्या हाताने पुरा केला. दोन वेगळी अर्धुकं, मधे वायर, आणि वर एकही अक्षर न छापलेल्या कोऱ्या पांढऱ्या कळा. कोणती कळ काय करेल ते आपण एका फाइलीत लिहायचं आणि ती फाइल कीबोर्डच्या पोटात चढवायची. त्यात काही खास संकेत असतात, त्यांना ताईंनी घरगुती नावं दिली होती. एकाच कीबोर्डवर अनेक थर असतात, ते त्यांचे 'मजले'. वरच्या मजल्यावर जी कळ रिकामी असते आणि खालच्या थरातलं अक्षर येऊ देते, ती 'खाली विचारा'. जी दाबली तरी काहीच उमटत नाही, ती 'मौनी'. आणि जी दाबली की कीबोर्ड सगळं काम सोडून फक्त नवी फाइल घ्यायला तयार होतो, ती 'माहेर'. "माहेरी गेल्यावर कसं, कामं बंद, नुसतं ऐकायचं आणि भरून घ्यायचं."

मला त्या म्हणायच्या, "मिलिंदा, तू मौनी कळ आहेस बघ. किती दाबलं तरी स्क्रीनवर काही येत नाही."

त्यांची लाडकी कळ होती र ची. तिला नुसतं शिवलं तर साधा र्, जरा दाबून धरलं तर ऱ्. 'जरा' म्हणजे किती, हेही फाइलीत लिहावं लागतं. स्वतःच्या बोटाला नेमका बसणारा आकडा त्यांनी दोन आठवडे खपून शोधला होता. सेकंदाच्या हजार भागांतले एकशे सत्तर. भेटेल त्याला सांगायच्या. "थांबायचं किती, हे ज्याला उमगलं त्याला टायपिंग आलं. आणि लग्नही." वर्गात भिंतीवर त्यांनी दोन वाक्यं लावलेली असत म्हणे. एक, 'कळ दाबावी, काढू नये.' दुसरं, 'यंत्राला बोल लावू नका, हात बघा.'

दुसऱ्याच वर्षी कमिटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मिलिंद, तू आता जाहिराती बघ. मजकूर ताई बघतील. काय स्पीड आहे यार त्यांचा!" मी म्हणालो, "चालेल." घरी येताना हायवेवरून उतरायचा माझा एक्झिट गेला, पुढचाही गेला, आणि मी गाडी चालवत राहिलो. त्या वर्षी अंकात एकही चूक नव्हती. मी तीन वेळा वाचला, चूक सापडावी म्हणून. इंडियन स्टोअरमध्ये पूर्वी लोक मला थांबवून पाठवलेल्या कवितेचं काय झालं विचारायचे. आता विचारायचे, "ताई नाही आल्या?" मला त्यांचा हेवा वाटत होता. इतका की त्यांनी पाठवलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली मी उघडलीच नाही. ती फ्रिजच्या मागच्या बाजूला सहा महिने होती.

तरी अंकापुरतं मी सोसलं असतं. पण सई होती.

सई माझी मुलगी, तेव्हा पंधरा वर्षांची. रविवारच्या मराठी वर्गाला मी तिला सहा वर्षं गाडीतून नेलं आणि शेवटी तिने सोडला. "शाळा कशी झाली?" "फाइन." एवढाच आमचा संवाद. ती ताईंच्या तळघरात स्वतःचा कीबोर्ड बनवायला जाऊ लागली. एकदा तिला आणायला गेलो आणि जिन्यावर असतानाच खालून आवाज आला, "आजी, थांब ना गं, मी करते. तू नुसतं बघ." अख्खं मराठी, तेही हेल काढून. मी त्याच पायरीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे वाक्य माझं होतं, मी सहा वर्षं गाडी चालवून त्याचे पैसे भरले होते, आणि ते या बाईला फुकट मिळत होतं.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी ताईंनी मला बोलावलं. नीरज बाहेरगावी होता आणि त्यांच्या कोपरापर्यंत कणीक होती. "अरे, सईला सरप्राइज द्यायचंय. माझ्या कीबोर्डवर तिच्यासाठी एक कळ केलीय, दाबली की 'चालतंय की' असं अख्खं उमटतं. तिचं सारखं तेच चालू असतं ना! फाइल तयार आहे, तेवढी चढव. माझे हात बरबटलेत."

माझी मुलगी सारखं 'चालतंय की' म्हणते, हे मला त्या दिवशी कळलं.

फाइल उघडी होती. सईची ओळ दिसली, आणि तिच्यावर चार ओळी सोडून तो आकडा. एकशे सत्तर. मी तिथे दोनशे वीस लिहिलं. फरक सेकंदाचा विसावा भाग. 'माहेर' दाबलं, फाइल चढवली. चार मिनिटंही लागली नाहीत. अंकात एक-दोन 'आचार्य' निघावेत, चारचौघांत एकदा हशा व्हावा, एवढंच मनात होतं. त्यांच्या स्वतःच्या आडनावात तेच अक्षर आहे आणि त्या रोज सकाळी हजेरी घेतात, हे त्या वेळी मला सुचलं नाही. सुचलं असतं तर थांबलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

"झालं?" त्यांनी ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"झालं."

"गुणाचा रे बाबा!" म्हणाल्या, आणि एक गरम फुलका तूप लावून माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

पुढल्या गुरुवारी सकाळी ऑफिसात फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मिलिंदा, मी माझं आडनाव चुकले रे. काल दोन ओळींत, आज तीन. बोट थांबतच नाही पुरेसं. मला वाटतं मी थांबलेय, आणि थांबलेली नसते."

सगळ्या दहा ओळी चुकल्या असत्या तर त्यांनी फाइल उघडून पाहिली असती. तीनच चुकल्या, म्हणून त्यांनी हात पाहिला. आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं होतं. ही वेळ होती. 'ताई, यंत्र बघा,' एवढे तीन शब्द. मी म्हणालो, "होतं असं, ताई. वय झालं."

मग त्या म्हणाल्या, "हो. तेच."

आकडा बदलला ते मत्सराच्या भरात, असं मी स्वतःला सांगू शकतो. पण 'वय झालं' हे मी पुरत्या शुद्धीवर, कॉफीचा कप हातात धरून म्हणालो.

नीरजने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही. ताई म्हणाल्या, "आक्काच्याही सुरुवातीला काही निघालं नव्हतं." त्यांनी अंक सोडला, टायपिंग सोडलं. सईला म्हणाल्या, "पुन्हा बघू, बाळा." सई काही दिवस फोन करत राहिली, मग थांबली. घरात पुन्हा 'फाइन' सुरू झालं. मजकूर माझ्याकडे परत आला, माझं नाव ठळक टाइपात छापून आलं, आणि त्या अंकात अकरा चुका होत्या.

वर्षभराने नीरजची नोकरी दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेली. निघताना ताईंनी कीबोर्ड एका जुन्या सुती साडीत गुंडाळून माझ्याकडे दिला. "तुझ्याकडे राहू दे. तुझा हात चांगला आहे." मी तो कपाटात वर, सामानाच्या मागे ठेवला.

दोन वर्षांनी कॉलेजला जाण्यासाठी सामान बांधताना सईला तो सापडला. तिने तो जोडला, 'कऱ्हाडे' लिहून पाहिलं, 'कर्हाडे' उमटलं म्हणून पुन्हा लिहिलं. मग आजीने तिच्याशी शेअर केलेल्या जुन्या फोल्डरमधली फाइल उघडली.

"बाबा, आजीचा नंबर वन-सेव्हन्टी होता. शी टोल्ड एव्हरीबडी. हा टू-ट्वेंटी कोणी केला?"

तिने फाइलची तारीख पाहिली. खाली, वर, पुन्हा तारीख. 'चालतंय की' ची ओळ त्याच दिवशी चढली होती, आणि ती कोणी चढवली हे आजीने तिला कौतुकाने सांगितलेलं होतं.

"तू?" ती म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली. तिने रडणं-ओरडणं काही केलं नाही. कीबोर्ड पुन्हा साडीत गुंडाळला, माझ्या मांडीवर ठेवला आणि मराठीत म्हणाली, "आजीला सांग. तू स्वतः सांग."

आकडा पुन्हा एकशे सत्तर करून मी अल्फारेटाला गेलो. ताई बारीक झाल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, फोनवरच्या दोन शब्दांसकट. शिव्या ऐकायची तयारी करून गेलो होतो.

"किती केला होतास?"

"दोनशे वीस."

त्यांनी बोट हवेत दाबून धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. ओठ हलत होते. मग एकदम आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडल्या, "नीरज! अरे नीरज, माझा हात बरोबर होता!" आणि हसायला लागल्या. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी कीबोर्ड जोडला आणि हजेरी घेतली. दहाच्या दहा ओळी बरोबर. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग माझ्याकडे वळल्या. हसू गेलं होतं.

"मौनी कळ बोलली म्हणायची. पण चहा नाही देणार तुला. तीन वर्षं मी रोज सकाळी उठून स्वतःला जाताना बघत होते, मिलिंद." त्यांनी पहिल्यांदा मला 'मिलिंदा' म्हटलं नाही. "संपादक आहेस ना? चूक झाली की काय छापतात?"

"शुद्धिपत्र."

"मग छाप. पान, ओळ, अशुद्ध काय, शुद्ध काय. तुझ्या नावानिशी. ये आता."

त्यानंतर दोन दिवाळी अंक निघाले. दोन्ही वेळा मी हे पान लिहिलं आणि छपाईला जाण्याआधी काढून तिथे जाहिरात घातली. या फेब्रुवारीत नीरजचा फोन आला. सकाळी खुर्चीतच गेल्या, हृदय थांबलं. समोर दहा ओळी होत्या, तेवढ्या पुसायच्या राहिल्या होत्या. मी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, "दहाही बरोबर आहेत, काका."

म्हणून हे पान. जाहिरात काढून त्या जागी घातलं आहे, आणि जुळणीआधी सईने वाचून त्यातल्या चार चुका काढल्या आहेत. उज्ज्वला कऱ्हाडे यांच्या आडनावात जिथे जिथे चूक दिसली, तिथे त्यांचा हात बरोबर होता असं समजावं. आणि त्या गुरुवारी सकाळी फोनवर मी जे बोललो त्यात 'वय झालं' याऐवजी 'मी केलं' असं वाचावं.