डॉक्टरांनी न सांगितलेलं एक वाक्य

मित्रहो, आज घडलेलं आजच लिहितो.

नात प्राची एकोणीस वर्षांची. चार महिने पाळी नाही, म्हणून आज मी आणि माझा मुलगा मनोज तिला दर्यापूरहून अमरावतीला घेऊन गेलो. नंबर येईपर्यंत आम्ही आजोबा-नात चौथीच्या पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणत बसलो. माझ्या मांडीवर बसून शिकलेल्या त्या कविता तिला अजून सगळ्या येतात.

डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली. ‘पीसीओएस आहे, वजन कमी कर,’ एवढं बोलून गोळ्या लिहिल्या.

मेडिकलवाला पाकीट देत म्हणाला, ‘मूल न होण्याच्या गोळ्या आहेत, रोज एकाच वेळी घ्यायच्या. लग्न झालं का पोरीचं?’

मनोजने तिथेच तिच्या तोंडात मारली. ‘कॉलेजात काय करून राहिली तू? बोल!’

‘मले काहीच माहीत नाही, बाबा!’

दुसरी बसली. ओठ फुटून ओढणीवर रक्त आलं. तिसऱ्यांदा हात उठला तेव्हा मी त्याच्या मनगटावर काठी हाणली आणि कॉलर धरून त्याला परत दवाखान्यात ओढत नेलं.

‘अहो, पीसीओएसच्या हार्मोन-बिघाडात पाळी नियमित व्हायलाही याच गोळ्या देतात,’ डॉक्टर म्हणाले. ‘गर्दीत सांगायचं राहिलं.’

प्राचीने चिठ्ठी पुढे केली. ‘सर, हे मराठीत लिहून द्या. घरी भाऊही आहे.’

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. तिला वाटतं, आबांनी वाचवलं. पण पहिली थप्पड बसली तेव्हा मी काठी उचलली नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं.

हे तिला सांगू का?