दारावरचा तांबडा दिवा

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये मी कार्यक्रमांचे फोटो काढायचो. कथक शिकवणाऱ्या एका बाईंनी गुरुपौर्णिमेच्या नाचासाठी मला बोलावलं. फ्लॅश वापरायचा नव्हता. मंद उजेडात शटर जरा वेळ उघडं ठेवावं लागतं आणि हात किंचित हलला तरी फोटो अस्पष्ट येतो. म्हणून मी सभागृहाच्या शेवटी खुर्चीवर चढलो आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभा राहिलो.

बाई गिरक्या घेऊ लागल्या आणि मधेच तोल जाऊन थांबल्या. नंतर मी रोल द्यायला विंगेत गेलो, तेव्हा त्या विद्यार्थिनींना सांगत होत्या, "तोल राहावा म्हणून दर फेरीला मी नजर मागच्या दारावरच्या तांबड्या दिव्यावर आणते. आज तो दिसेचना. डोळे गेले गं माझे."

त्या दिव्यापुढे माझं डोकं आलं होतं. मला ते तिथेच कळलं, पण मी गप्प राहिलो. बाईंनी रंगमंचावर नाचणं सोडलं.

दोन वर्षांनी त्यांच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "डॉक्टर सांगत होते, बाई, चष्म्याचा नंबर तोच आहे. मी त्यांनाच वेड्यात काढलं."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

त्यांनी कपाटातून घुंगरू काढले आणि बांधता बांधता म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत म्हणायचे. आता दोन वर्षांत गुडघ्यांचं काय झालंय ते बघू."