सूनबाई जागी होती

मंडळी, दवाखान्यातूनच घाईत लिहितोय, चुकलं तर समजून घ्या.

आज दुपारी सून अडली. बाळाचे ठोके मंदावले आणि भूल देणारे डॉक्टर खाडीपलीकडे, दिघीला फेरीबोटीची वाट बघत.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांबता येणार नाही. पोटावर सुया देऊन तेवढीच जागा बधिर करते आणि सिझर करते. ती जागीच राहील."

मी दाराबाहेर येरझारा घालत होतो. मध्येच सिस्टर बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं सगळं.

"आजोबा, सून विचारतेय, बीपीची गोळी घेतली का?"

मी विसरलो होतो. गोळी गिळतोय तोच आत नात रडली. दोघी सुखरूप आहेत.

ही मुलगी झुरळ दिसलं तरी किंचाळते. मग एवढं बळ ठेवलेलं असतं कुठं, कुणी सांगाल का?