पेंटर ठिय्यावरच्या पॉलिसी

विम्याच्या एजंटकडे पॉलिसी कमी जमतात, किस्सेच जास्त! सोळा वर्षं मी यवतमाळात हे काम करतेय. त्यातल्या निम्म्या सकाळी पेंटरलोकांच्या ठिय्यावर गेल्या. ठिय्या म्हणजे चौकातली ती जागा, जिथे ब्रश अन् डबे घेऊन हे लोक कामाची वाट पाहत बसतात. कंपनीच्या लेखी त्यांचं काम 'मध्यम धोक्याचं', म्हणून हप्ता जरा जास्त. हे 'मध्यम' समजावता समजावता माझा घसा बसलाय.

रामकृष्णभाऊंनी तर एकदा भर ठिय्यावर विचारलं, "ताई, मध्यम म्हंजे काय? अर्धाच मरतो काय मी?"

सगळे हसले. मीही हसले. फॉर्म मात्र कोणी भरला नाही.

*

बाबुरावांचं वय जास्त, म्हणून त्यांची मेडिकल लागली. डॉक्टर नवीन होते. त्यांनी बाबुरावांची बोटं धरली आणि एकदम गंभीर झाले. "नखं निळी पडलीत! दम लागतो का?"

"काल नेरच्या शाळेले निळा मारला, साहेब. परवा पाहा, पिवळे दिसतीन!"

डॉक्टर खूप हसले. मग छातीला नळी लावली आणि हसू थांबलं. एक्स-रे काढायला लावला. एवढी वर्षं थिनरचा वास अन् भिंती घासल्याची धूळ; दुसरं काय निघणार? पॉलिसी नामंजूर झाली.

सांगायला गेले तर बाबुरावच मला समजावू लागले. "नखं तं धुतले असते ना ताई, छाती कशी धुवू?"

*

कळंबचा प्रकाश तयार झाला, पण त्याची बायको निर्मला अडून बसली. नॉमिनी म्हणून तिचं नाव घालायचं होतं. सुपातली तूर पाखडता पाखडता म्हणाली, "माहं नाव नका टाकू. हे मेल्यावर मले पैसे? लोक काय म्हन्तीन? सासूचं टाका!"

टाकलं. चार दिवसांनी तिचाच फोन. "मॅडम, ते नाव बदलून माहंच टाका!"

"काहून? काय झालं?"

"बुढी रोज त्यायले विचारून राह्यली, तब्येत कशी हाये म्हणून!"

आई मुलाची तब्येत विचारणारच, हे मी दोन वेळा सांगून पाहिलं. शेवटी फॉर्म बदलला.

*

हाच प्रकाश पाण्याच्या टाक्या रंगवायचा. दोराला लटकून काम, पण कधी खरचटलंसुद्धा नाही. पडला तो स्टुलावरून, सासऱ्याची खोली फुकट रंगवताना! पाय मोडला.

दवाखान्यात गेले. पॉलिसी साधी होती, फक्त मृत्यूची. पाय मोडल्याचं त्यात काही मिळत नव्हतं. मी जमेल तेवढं हळू सांगितलं.

प्रकाशने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे ताई, म्या काम अर्धवट केलं."

निर्मलाने त्याच्या दंडावर जोरात चापट मारली आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी बिस्किटाचा पुडा टेबलावर ठेवून निघाले.

*

ठिय्यावरचा सुनील मात्र खरंच पडला. चार मजली इमारत होती, बाहेरून रंग चालला होता. दोरीचा झुला सुटला. त्याची पॉलिसी माझीच. कागद कमी पडत गेले, मी ब्रँचमध्ये खेटे घालत राहिले. शेवटी त्याच्या बायकोच्या, वंदनाच्या हाती चेक पडला. त्या दिवशी घरी येऊन मी न जेवताच झोपले.

वर्षभराने वंदना दारात उभी. "ताई, माहा विमा काढा."

मला बरं वाटलं. पदरी लहान पोरगी, तिची पुढे सोय होईल म्हणून आलीये. चहा ठेवला, फॉर्म काढला.

"काम काय लिहू?"

"पेंटर."

मी वर पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत पांढरी पुट्टी वाळली होती.

"खालचं ना? भिंती घासणं, पुट्टी भरणं?"

"पयले तेच करत होती मी. आता झुल्यावर बसते. सुनीलच्याच लोकायसोबत."

मी 'पेंटर' लिहिलं. पुढचा रकाना होता, किती उंचीवर काम करता.

वंदनाने कपातला चहा संपवला.

"चार मजले लिहा, ताई. त्याच्या वर नाही जात मी."