लक्ष्मीपुढे उघडलेली पुस्तिका

देवदत्त गोगटेचं मूळ राजापूरचं, पासपोर्ट कॅनडाचा आणि बिऱ्हाड कुवेतमधल्या मंगफला. इतकं सांगितल्यावर समोरचा माणूस "वा!" म्हणायचा, आणि तेवढ्या एका "वा!"साठी देवदत्तने टोरांटोत चार हिवाळे नाक गोठवून काढले होते. आखातात पगार कामावर ठरत नाही, पासपोर्टावर ठरतो, हे ज्ञान त्याला त्याच्याहून कमी हुशार पण गोऱ्या साहेबाकडे बघून झालं होतं. नवा पासपोर्ट घेऊन तो त्याच कंपनीत, त्याच पंपांच्या देखभालीला परत आला. पंपांना फरक कळला नाही. पगाराला कळला.

भारतीय पासपोर्ट अर्थातच परत करावा लागला. बदल्यात मिळाली ओसीआयची निळी पुस्तिका; परदेशी झालेल्या भारतीयाने आयुष्यभर मायदेशी यावं-जावं म्हणून देतात ती. देवदत्त तिला ऐटीत "माझं दुसरं नागरिकत्व" म्हणायचा. ते नागरिकत्व नव्हे, हे त्याची बायको मैथिली दर वेळी सांगायची. तिचा पासपोर्ट भारतीयच राहिला होता, कारण टोरांटोच्या पहिल्याच हिवाळ्यात "मी माणूस आहे, आइस्क्रीम नाही" असं म्हणून ती परत आली होती. त्यावरून देवदत्त तिला विमानतळावरच्या प्रत्येक लांब रांगेत चिडवायचा. "या हो, रांगेतल्या बाई! मी तोवर कॉफी घेतो."

राजापूरला त्याचे वडील, आप्पा, एकदा फोनवर म्हणाले होते, "देवा, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो रे." देवदत्त हसला होता. दोन्ही घरी जेवणारा पाहुणा त्यांनी पाहिलाच नव्हता, असं त्याचं म्हणणं.

लक्ष्मीपूजन मात्र तो गोगट्यांच्या रीतीने करायचा. घरात कधी दुकान नव्हतं, तेव्हा चोपड्यांच्या जागी पाटावर कागदपत्रं मांडायची. यंदा पासपोर्टाला चामड्याचं कव्हर होतं. ओसीआयची पुस्तिका कव्हराविना उघडीच होती, आणि देवदत्तने ती फोटोच्या पानावर आणखी उघडली.

"अरे, त्या पानावर ओलं कुंकू नको लावूस," मैथिली म्हणाली.

"लक्ष्मीला चेहरा नको दिसायला? नाहीतर शेजारच्या फ्लॅटात जाईल."

त्याने फोटोतल्या स्वतःच्या कपाळावर ठसठशीत बोट टेकवलं. वर तीर्थ शिंपडलं. कुंकू फोटोवरून ओघळून आकड्यांत शिरलं, आणि पुस्तिका तशीच मिटून कपाटात गेली.

थंडी पडायला लागली तेव्हा राजापूरहून बहिणीचा, चित्राचा, फोन आला. आप्पांची किडनी गेली होती. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलवायला सांगितलं होतं. आप्पा शुद्धीवर होते आणि दर थोड्या वेळाने "देवा निघाला का?" एवढंच विचारत होते.

दोघं शुक्रवारी दुपारच्या विमानासाठी विमानतळावर पोचले. काउंटरवर सना नावाची मुलगी होती. तिने पुस्तिका यंत्रावर धरली, पुसली, पुन्हा धरली.

"सर, ये लाल क्या है? खून?"

"कुंकू है. पूजा का."

सनाने तिच्या साहेबाला, हमीदला, बोलावलं. हमीदने पान उजेडात धरलं. नंबर अर्धा लाल, अर्धा गायब. फोटोतल्या देवदत्तचं फक्त कपाळ नीट दिसत होतं, तेही सौभाग्यवतीचं.

"सर, कॅनडा के पासपोर्ट पे वीज़ा नहीं, और इसपे बैठाया तो उधर से वापस भेजेंगे. जुर्माना हमको लगेगा."

"मेरा बाप मर रहा है!"

"अल्लाह रहम करे, सर," हमीद म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला, आणि पुस्तिका परत दिली.

"मी जाते," मैथिली म्हणाली.

"मुलगा मी आहे!"

"मग काय करू? तुझ्याबरोबर कॉफी घेऊ?"

मैथिली गेली. तिचा पासपोर्ट यंत्राने एका फटक्यात वाचला.

दुसऱ्या दिवशी देवदत्त सर्फराजच्या टायपिंगच्या दुकानात बसला होता. मंगफच्या सगळ्या परदेशस्थांची गाऱ्हाणी सर्फराजच सरकारी भाषेत करून द्यायचा. तातडीच्या परवानगीचा अर्ज आज भरून ठेवायचा, रविवारी भारतीय वकिलात उघडली की द्यायचा, मग वाट पाहायची. अर्ज निम्मा झाला तेव्हा मैथिलीचा फोन आला.

"गेले रे."

"तू... पोचली होतीस?"

"पोचले होते. त्यांनी विचारलं, देवा आला का. मी म्हटलं, आलाय, खाली गाडी लावतोय. मग ते दाराकडेच बघत राहिले. मी तोंडात पाणी घातलं ना, तेही त्यांनी मान न वळवताच घेतलं."

तेवढ्यात फोन चित्राने घेतला.

"दादा, भटजी आलेत. सगळे विचारतायत, मुलासाठी थांबायचं का? बर्फ मागवावा लागेल."

त्याने सर्फराजकडे पाहिलं. "परवानगी कधी मिळेल?"

"मिली तो सोमवार. मंगळ समझो. लिख के कोई नहीं देगा, साहब."

"दादा? ऐकतोयस ना?"

"थांबू नका," देवदत्त म्हणाला. "अग्नी तू दे."

"मी?"

"तूच दे, चित्रा. तू आहेस ना तिथे."

त्याने फोन खाली ठेवला. सर्फराजने चहाचा पेला त्याच्याकडे सरकवला आणि अर्ज पुन्हा पुढे ओढला. बाहेर आणखी दोघं खोळंबले होते.

"साहब, माफ करना. फॉर्म में वो 'वालिद बीमार' वाला खाना काट दूँ? 'वालिद का इंतकाल' वाले में मौत का दाखला लगेगा."

"काट दो," देवदत्त म्हणाला.