लाभार्थी आणि अवजार एकाच फोटोत

इतर बायकांच्या मोबाइलमध्ये नातवंडं असतात, पैठण्या असतात, सहलीचे फोटो असतात. माझ्या मोबाइलमध्ये रोटाव्हेटर आहेत! परवा नाशिकला, इंदिरानगरात आमच्या गच्चीवर मैत्रिणी चहाला जमल्या होत्या. एकीने सहज माझा फोन हातात घेतला आणि गॅलरी चाळत सुटली. नांगर, पेरणी यंत्र, फवारणीचा ब्लोअर, पुन्हा नांगर. शेवटी म्हणाली, "अगं, तुझ्या मुलीचा एक तरी फोटो आहे का यात?"

आहे की. एक आहे. त्यातही मागे ट्रॅक्टर उभा आहे.

माझी नोकरीच तशी. मी कृषी सहायक. येवला तालुक्यातली चार गावं माझ्याकडे. शेतकरी अवजाराच्या अनुदानाचा अर्ज ऑनलाइन भरतो, नंबर लागला की त्याला मेसेज येतो, कागद चढवले की पूर्वसंमती मिळते, मग तो अवजार घेतो. शेवटी मी स्कूटीवर जाऊन ते डोळ्यांनी बघायचं आणि फोटो काढायचा. नियम एकच: लाभार्थी आणि अवजार एकाच फोटोत दिसले पाहिजेत. ऐकायला किती सोपं वाटतं ना? या एका ओळीनं मला इतकी वर्षं जे काही दाखवलंय, ते सांगायला बसले तर चहाची दुसरी किटली लागेल.

*

पहिली तपासणी मला अजून आठवते. भर मे महिना, दुपारचे बारा. पेरणी यंत्र घेतलेले भाऊसाहेब शेताच्या बांधावर उभे. अंगात काळा ब्लेझर! लग्नातला. आत पांढरा शर्ट, वर टोपी, आणि घामाच्या धारा. यंत्राला झेंडूचा हार, शेजारी नारळ, मागे घरातली सगळी माणसं ओळीनं, अगदी म्हातारीसुद्धा खुर्चीवर.

मी नवीन होते, तापट होते. (आता जुनी आहे, तापट आहेच.) म्हटलं, "भाऊ, हा काय प्रकार? फोटो अवजाराचा काढायचाय, तुमचा नाही!"

भाऊसाहेब शांतपणे टोपी सरळ करत म्हणाले, "ते खरं हाय मॅडम. पण सरकार आपल्याला पयल्यांदाच बघतंय ना!"

मी फोटो काढला. ब्लेझरसकट.

*

माझं एक गाव असं आहे की तिथे रेंज नाही. म्हणजे गावात नाही, वेशीबाहेरच्या एका ओट्यावर मात्र फुल्ल. मग काय, ज्याची तपासणी असेल तो आपलं अवजार ट्रॅक्टरला जोडून त्या ओट्यापाशी घेऊन यायचा. मी ओट्यावर चढून फोटो काढायची, तिथूनच तो ऑनलाइन चढवायची. सगळ्यांची सोय! गावकरी खूश, मी खूश.

एक दिवस ऑफिसातून साहेबांचा फोन. आवाज गंभीर. "मॅडम, फोटोवर नकाशातली जागा छापून येते, माहितीये ना?"

"हो सर."

"मग तुमच्या गावातली एवढी सगळी अवजारं स्मशानभूमीत काय करतायत?"

आता त्यांना काय सांगू! रेंज येते तिथेच. साहेब म्हणाले, ते मला ठाऊक नाही, ग्रामपंचायतीचा दाखला आणा. ग्रामसेवक भारी माणूस. त्यांनी शिक्का मारून एका ओळीचा दाखला दिला: "वरील सर्व लाभार्थी हयात असून त्यांची अवजारे चालू स्थितीत आहेत."

*

आमचे नामदेव नाना म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांनी पल्टी नांगर घेतला तो दसऱ्याला. वाजत गाजत आणला. चार दिवसांनी त्यांच्या फोनवर पूर्वसंमतीचा मेसेज आला.

झालं! आधी संमती, मग खरेदी, हा नियम. बिलावरची तारीख संमतीच्या आधीची असेल तर अनुदान विसरा. मी डोक्याला हात लावला. "नाना, चार दिवस दम धरवला नाही का तुम्हाला?"

नाना उलट माझ्यावरच चिडले. "चार दिवसांनी दसरा असता का?"

आता या प्रश्नाला कुठल्या शासन निर्णयात उत्तर आहे, सांगा. पण नाना मनाचा मोठा माणूस. स्वतःचं गेलं ते गेलं, दुसऱ्याचं जाऊ नये म्हणून पुढच्या दसऱ्याला ते येवल्यात अवजारांच्या दुकानाच्या दारातच खुर्ची टाकून बसले. येईल त्याला अडवायचे. "मेसेज आला का? दाखव. नाय आला? मग माघारी फिर." दुकानदाराचा मला रडवेला फोन आला, "मॅडम, सणासुदीला नानांना आवरा हो!"

शेवटी शेतकऱ्यांनीच तोड काढली. दसऱ्याला दुकानातच अवजाराची पूजा करायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि अवजार तिथेच ठेवून घरी यायचं. संमती आली की मग बिल. मुहूर्तही साधला, नियमही पाळला. मला म्हणाल तर ही आयडिया मंत्रालयातल्या कुणालाही सुचली नसती.

फक्त एक घोळ झाला. दिवाळीनंतर संमत्या आल्या, माणसं दुकानात गेली, तर तिथे एकच पल्टी नांगर आणि तो नेणारे पाच जण. दुकानदार म्हणे, दुसरा मागवून देतो, अगदी असाच. कुणी ऐकेना. "दुसरा कसा चालंल? माझ्या आईनं याला कुंकू लावलंय!" पाचही जणांच्या आयांनी त्यालाच लावलं होतं. नांगर एक, नारळ पाच!

*

रफीकचाचा आमच्याकडचे वेल्डर. शाळा किती शिकले माहीत नाही, पण हात असा की मोडलेलं काहीही द्या, उभं करून देतात. त्यांनी भंगारातून कांदा निवडायचं यंत्र बनवलं. एका बाजूनं कांदा टाका, दुसऱ्या बाजूला लहान, मध्यम, मोठा असे तीन ढीग तयार. कंपनीच्या यंत्रात कांद्याची साल निघते, चाचांच्या यंत्रात निघत नाही. अर्ध्या गावानं त्यांच्याकडूनच यंत्रं करून घेतली.

मग उरलेले लोक माझ्या मागे लागले, आम्हाला हेच घ्यायचंय, याला अनुदान द्या. मी चाचांकडे गेले, समजावलं की सरकारी संस्थेनं यंत्र तपासून टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, त्याशिवाय यादीत नाव येत नाही. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"रिपोर्ट में क्या लिखते हैं, मॅडम?"

"यंत्र किती तास चाललं, काय बिघडलं, कुणी चालवलं, असं सगळं."

चाचांनी शटरच्या आतल्या बाजूला बोट केलं. तिथे खडूनं नावं लिहिलेली. प्रत्येक नावापुढे कधी यंत्र नेलं, किती वर्षं चाललं. शेवटचा रकाना "तक्रार." तो सगळा रिकामा, फक्त एका ठिकाणी लिहिलेलं: "आवाज जास्त, सासू झोपत नाही."

मी त्याचाही फोटो काढला. साहेबांना पाठवला. साहेबांनी हसण्याचे चार चेहरे पाठवले आणि लोकांचे अर्ज मात्र नामंजूर केले. मला अजून राग आहे त्याचा.

*

बायकांना अनुदान थोडं जास्त मिळतं, हे कळल्यापासून गावातल्या पुरुषांना बायकोच्या नावाचं भलतंच प्रेम आलंय. सुनीलनं रोटाव्हेटर घेतला, तो वैशालीच्या नावावर. तपासणीला गेले तर सुनील एकटाच.

"वैशाली कुठंय?"

"माहेरी गेलीय." मान खाली. म्हणजे भांडण. माहेर नांदगावच्या बाजूला. "मॅडम, माझाच फोटो घ्या ना. नवरा-बायको एकच असतं की."

"एकच असतं तर ती नांदगावला आणि तू इथं कसा?" मी म्हटलं. "लाभार्थी फोटोत पाहिजे. आण जा."

दोन दिवसांनी वैशाली आली. एसटीनं. फाट्यावर उतरली, घराकडे बघितलंसुद्धा नाही, थेट शेतात आली, रोटाव्हेटरशेजारी उभी राहिली. फोटो झाला. मग मला विचारलं, "मॅडम, हे माझ्या नावावर हाय ना?"

"हो."

"मग मी घेऊन जाते. वडलांचं शेत नांगरून पडलंय, ढेकळं फोडायचीत."

आता आली का पंचाईत! रोटाव्हेटर तिचा, पण तो चालायला ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टर सुनीलचा, आणि चालवणाराही तोच. सुनीलनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आकाशाकडे, आणि ट्रॅक्टरला चावी लावली. दोन दिवस तो सासऱ्याच्या रानात मान खाली घालून रोटाव्हेटर फिरवत होता. सासूनं म्हणे पहिल्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही, दुसऱ्या दिवशी मांडे केले.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर गावात परत आला. मागे रोटाव्हेटर, आणि मडगार्डवर वैशाली.

*

आता गयाबाई मावशींचं सांगते, मग उठू या.

गयाबाई एकट्या राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नाशिकला कंपनीत. थोडं शेत आणि दोन गाई. गाईंसाठी रोज कोयत्यानं कडबा तोडायचा. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, कोयता बंद. मुलगा म्हणाला, "आई, गाई विकून टाक." मावशी मला म्हणाल्या, "म्याडम, गाई गेल्या तर म्या सकाळी उठू कशाला?"

मी त्यांचा कडबाकुट्टी मशीनचा अर्ज भरून घेतला. नशिबानं नंबर लागला. कागद चढवायला थोडेच दिवस होते, आणि तिथं गाडी अडली. ओटीपी येणार आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल त्यांच्या मालकांचा, कधीच बंद पडलेला. नवा जोडायचा तर अंगठा लागतो. आणि मावशींचा अंगठा मशीन घेईना! दहाही बोटं लावून झाली. डोळ्यांचं मशीन होतं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तेही जुळेना. जन्मभर कांदे कापले, राखेनं भांडी घासली, शेणानं सारवलं. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मुदत टळली की लागलेला नंबर जाणार, आणि नंबर गेला की गाई जाणार.

आधार सेंटरवाला म्हणाला, "मावशी, आठ दिवस हाताला काम देऊ नका. पाणी नाही, राख नाही, माती नाही. रेषा परत येतात."

मावशी खो खो हसल्या. "आठ दिस? माझ्या बाळंतपणात नाय भेटले!"

पण शेजारच्या शोभानं ते मनावर घेतलं. तिनं आळीतल्या बायका गोळा केल्या आणि वाटण्याच करून टाकल्या. भांडी एकीकडे, धुणं दुसरीकडे, शेण तिसरीकडे, स्वयंपाक रोज पाळीनं. दूध शोभाकडे, तांबड्या गाईनं तिला पहिल्याच दिवशी लाथ घातली, तरी ती हटली नाही. मावशींना ओसरीवर बसवलं आणि सक्त ताकीद दिली, "काडीला हात लावायचा नाय!" झोपताना एकजण येऊन बोटांना तूप चोळून जायची.

मी चौथ्या दिवशी गेले तर मावशी ओसरीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेल्या, लग्नातल्या नवरीसारख्या. आळीतली एक त्यांच्या केसांना तेल लावत होती. मला म्हणाल्या, "म्याडम, लय विचित्र वाटतंय. हात कुठं ठेवावं तेच कळंना."

नवव्या दिवशी आम्ही सेंटरवर गेलो. आम्ही म्हणजे सगळी आळी! पहिल्यांदा अंगठा लावला, मशीनचा दिवा लाल. दुसऱ्यांदा, लाल. कुणी श्वास घेईना. शोभा तर देवाचं नाव घेत भिंतीकडे तोंड करून उभी. मावशींनी अंगठा पदराला पुसला, तिसऱ्यांदा ठेवला.

हिरवा!

बायकांनी असा गलका केला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. मावशी मात्र अंगठा उलटा-पालटा करून बघत राहिल्या.

पुढे सगळं रीतसर झालं. संमती आली, कुट्टी आली, मी तपासणीला गेले. मशीन घर्र करून चाललेलं, गाई मजेत खात होत्या. मावशींचे हात पुन्हा कांद्याच्या मातीनं भरलेले, बोटं पहिल्यासारखी खरखरीत. फोटो काढला. म्हटलं, "काय मावशी, गाई राहिल्या ना? आता झालं ना मनासारखं?"

"झ्याक झालं. तुमचं भलं होईल." मग त्यांनी आळीतलं कुणी ऐकत नाही ना हे बघितलं आणि मला गोठ्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"म्याडम, दुसरा फारम कधी निघतो?"

"दुसरा? आता अजून कुठलं मशीन हवंय तुम्हाला?"

"कंचंबी भरा," मावशी हळूच म्हणाल्या, "पण अंगठा लागणारं बघा."